सोबत हवी, पण आधी उसनी

शेल्टरमधून आणलेली कुत्री वॉशिंग मशीनच्या मागून बाहेर येत नाही, घरातले झोपल्यावरच जेवते. मग तिला सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणावा का, असं लोक सारखं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आणा, पण आधी उसना आणा.

सोबतीचा उपयोग होतो, याबद्दल वाद नाही. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ संस्थेचं नॉर्थ कॅरोलिनात वीव्हरव्हिल इथे अतिघाबरट कुत्र्यांसाठी 2018 पासून खास केंद्र आहे. हालअपेष्टांतून सोडवलेल्या कुत्र्यांना धीट करायला तिथे प्रशिक्षकांच्या मदतीला चक्क धीट कुत्रीच असतात.

हे जमतं, कारण असं कुत्रं माणसाला घाबरत असलं तरी कुत्र्यांना बहुधा ओळखत असतं. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी संशोधकांनी काही पिल्लं आईसोबत कुंपणाआड, माणसांपासून दूर वाढवली. चौदा आठवडे माणूस न दिसलेली पिल्लं पुढे माणसाजवळ येईनात. आईशी, भावंडांशी मात्र त्यांचं रोजचंच होतं. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचं थोडं निराळं. त्यांना माणसं ठाऊक असतात, पण लिफ्ट, मिक्सर आणि गुळगुळीत फरशी कुठून ठाऊक असणार?

आमच्या सोसायटीत अशीच एक गावठी कुत्री आली. शेपूट पोटाशी, कान मागे. वरच्या मजल्यावरचा म्हातारा लॅब्रॅडॉर तिच्याकडे येऊ लागला. आला की तिच्याकडे ढुंकूनही न बघता हॉलमध्ये पसरायचा, जांभई द्यायचा. ती मशीनमागून नाक काढून त्याला न्याहाळायची. मालकिणीने त्याच्या मानेखाली खाजवलं, तो आडवा झाला; हिची मान आणखी थोडी बाहेर. पुढे लिफ्टचं दारही तिने त्याच्याच मागे ओलांडलं. त्याने शिकवलं काहीच नाही. कुत्र्यांत असा निवांतपणा फार मोलाचा, आणि तो जातीवर ठरत नाही.

म्हणूनच ‘दोघं एकमेकांना धीर देतील’ म्हणत शेल्टरमधून दोन घाबरट कुत्री एकदम आणणं मला पटत नाही. दिवाळीत पहिला फटाका वाजला की एक पलंगाखाली शिरतं आणि त्याचं बघून दुसरंही. दांडगट, खेळकर तरुण कुत्राही नको; बुजलेल्याच्या अंगावर तो उड्या मारतो आणि होता नव्हता तेवढा धीरही जातो. पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, पट्टे सैल ठेवून घडवा. घरात वाट्या वेगळ्या ठेवा.

शिवाय घाबरट कुत्रीला रोज थोडा वेळ एकटीला फिरवा, जिन्यापर्यंत का होईना. सोबती असतानाच जेवत असेल, तर तो धीर अजून तिचा स्वतःचा नाही आणि दुसरा कुत्रा आणायची वेळही आलेली नाही. आणि उसना पाहुणा दाराशी जाऊन उभा राहिला, तर त्याला घरी पोचवा. त्याचाही जीव आहे, दमतो तो.