न घेतलेली गोळी

मालवणच्या जेटीवर आमच्या हाती एक छापील कागद देण्यात आला. हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, दमा, अपस्मार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, असे दहाबारा प्रश्न त्यावर होते. कागद देणाऱ्या तरुणाने आमच्यासमोरच प्रत्येक प्रश्नापुढे झरझर ‘नाही’ असे लिहिले आणि सहीच्या जागेवर बोट ठेवले. माझी थोरली बहीण अक्का ७४ वर्षांची आहे आणि तिला २२ वर्षांपासून रक्तदाब आहे. मी स्वतः ४० वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेला माणूस. मी चष्मा लावून तो कागद वाचला आणि सही केली. मागे पंधरावीस माणसे उभी होती आणि ऊन चढत होते, याखेरीज माझ्याकडे दुसरे समर्थन नाही.

वाचकहो, या सदरातून मी आजवर आपल्याला पुष्कळ उपदेश केला आहे. आज माझ्याच हातून राहून गेलेल्या एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

अक्काने कोल्हापूरच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. ‘प्रवाळ’ हा शब्द तिने किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही; पण जिवंत प्रवाळ तिने कधी पाहिले नव्हते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत ते आहे आणि गाइडबरोबर होडीने जाऊन, तोंडावर मास्क व तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरूनच ते पाहता येते, हे कळल्यापासून तिने तो ध्यास घेतला. मुलगा म्हणाला, “आई, हे का आता वय आहे?” सुनेने पाय घसरण्याची भीती घातली. मला फोन करून अक्का म्हणाली, “मला विचारून कुणी नाही म्हणत नाही रे. आधी नाही म्हणतात, मग मला कळवतात.” हे वाक्य मला लागले. वृद्धांची काळजी घेणाऱ्या घरांतून हेच सर्वत्र घडताना मी पाहिले आहे. मी तिची बाजू घेतली.

बाजू घेतली ती डोळे मिटून नव्हे. दोन जिने न थांबता, न धापता चढता येतात का, ही आम्हा डॉक्टरांची जुनी, साधी आणि बरीच विश्वासार्ह कसोटी आहे. अक्का ते चढली. रक्तदाब आठवडाभर रोज मोजला, तो आटोक्यात होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटले होते, कानाचे पडदे शाबूत होते. वरच्या दातांची कवळी हा एक पेच निघाला. स्नॉर्केलचे रबरी तोंड दातांत धरायचे असते. कवळी सैल असेल तर ती निसटते आणि काढून ठेवली तर हिरड्यांत रबर नीट धरले जात नाही. तेव्हा मास्क आणि नळी पंधरा दिवस आधीच विकत आणली आणि अक्का रोज संध्याकाळी दिवाणखान्यात खुर्चीवर बसून त्यातून श्वास घेण्याचा सराव करू लागली. नातवंडांची करमणूक झाली. पण नळीतून श्वास घ्यायला नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो आणि नळीत उरलेली हवा पुन्हा आत जाते, म्हणून श्वास सावकाश व खोल घ्यावा लागतो, हे तिला पाण्यात उतरण्यापूर्वीच उमगले. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क अलीकडे मिळतात. ज्येष्ठांना मी ते सुचवीत नाही. साधी नळी अडचण येताच थुंकून टाकता येते. चेहऱ्याला घट्ट बसलेला मास्क घाबरलेल्या हातांनी चटकन सुटत नाही.

जानेवारीत आम्ही फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. हा काळ चांगला असतो. पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी निवळलेले असते आणि समुद्रही बहुधा शांत असतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले ते काही उगाच नव्हे. ज्या खडकांनी परक्या जहाजांना दूर ठेवले, त्याच खडकांच्या आसऱ्याने प्रवाळ आणि मासे वाढतात. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय देऊ नये, हे गाइडने आम्हाला निक्षून सांगितले. मात्र शेजारच्या होडीतून माशांना पाव टाकणे चालले होते, त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

वयस्करांच्या दृष्टीने या सहलीतला अवघड भाग पाणी नव्हे, असे मी समजत होतो. जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या, हलत्या होडीत टाकायचे पहिले पाऊल आणि परतताना पाण्यातून वर चढायची अरुंद शिडी, यांचीच मला धास्ती होती. ती अगदीच चुकीची नव्हती. होडीत बसण्याच्या जागेचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. पुढच्या टोकाशी बसले की देखावा छान दिसतो, पण लाटेवरून होडी आदळली की सर्वांत मोठा दणका तिथेच बसतो. ठिसूळ हाडांच्या माणसाचा मणका अशा एका दणक्याने दबून मोडल्याची उदाहरणे वैद्यकात चांगली परिचित आहेत. ज्येष्ठांनी मध्यावर किंवा मागच्या बाजूला बसावे. होडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी त्यांतल्या काहींनी अडू शकते. त्या शेजाऱ्याकडून मागून घेऊ नयेत.

आमचा गाइड विशीतला, मच्छीमाराच्या घरातला मुलगा होता. उतरण्यापूर्वी त्याने अक्काला एक खूण शिकवली. “आजी, उजवा हात वर केलात की मी काही विचारणार नाही. सरळ होडीकडे आणणार.” अक्काने विचारले, “आणि उगाच केला तर?” तो हसून म्हणाला, “उगाच केलात तरी. काय होवचा नाय.” लाइफ जॅकेट घालून, रबरी कड्याला धरून अक्का पाण्यात उतरली. मीही तिच्या बाजूला होतो.

पाणी दोन पुरुष खोल असेल. खाली खडकावर पिवळसर तपकिरी प्रवाळाचे गोलसर दगडी गोळे होते आणि काही ठिकाणी पसरट, कपबशीसारखे थर. काळ्या उभ्या पट्ट्यांचे पिवळट मासे थव्याने आमच्या अंगाखालून गेले. पाण्यात मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या आणि काहीशा जवळ दिसतात. चष्म्यावाचून वाचू न शकणाऱ्या अक्काला एकेका प्रवाळावरची नक्षी दिसत होती. तिने एकदा माझा हात दाबून खाली बोट दाखवले. एक निळसर हिरवा मासा चोचीसारख्या तोंडाने खडक खरवडत होता, आणि पाण्यात त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येत होता.

सहासात मिनिटे झाली असतील. अक्काने उजवा हात वर केला.

मी डोके वर काढून म्हणालो, “अक्का, घाबरू नकोस, जरा थांब, श्वास सावकाश घे.” मला वाटले, तिला भीती वाटली असावी. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कडे ओढत त्याने तिला होडीशी नेले आणि दुसऱ्या गड्याने तिला वर घेतले. होडीत तिला खोकला सुरू झाला आणि तिला धाप लागली. पूर्ण वाक्य बोलता येईना. कुणीतरी म्हणाले, आडवे करा. तेवढी बुद्धी मात्र मला वेळेवर झाली : तिला उठवून बसवले, पाय खाली सोडायला लावले, लाइफ जॅकेटचे पट्टे सैल केले. माझ्या पिशवीतल्या छोट्या यंत्रावर ऑक्सिजन ८९ दिसला. दहा मिनिटांत आम्ही जेटीला आणि तिथून रुग्णालयात होतो. ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात ती सावरली. छातीच्या चित्रात फुफ्फुसांत थोडे पाणी उतरलेले दिसले. रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी तिला घरी जाऊ दिले.

हे पाणी समुद्राचे नव्हते. माणूस मानेपर्यंत पाण्यात उतरला की बाहेरच्या दाबाने पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे ढकलले जाते. हे प्रमाण अर्ध्या लिटरहून अधिक असते. हृदयाला एकाएकी जास्त भार उचलावा लागतो. तरुण हृदय तो सहज उचलते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड आणि ताठ झालेल्या हृदयाला कधीकधी ते जमत नाही. त्यात नळीतून जोराने श्वास ओढावा लागतो. मग फुफ्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. खोकला, धाप, कधी गुलाबी फेस ही त्याची लक्षणे. नाकातोंडात पाणी न जाता, पोहता येणाऱ्या माणसालाही हे होऊ शकते, आणि पाहणाऱ्याला ती केवळ घबराट वाटते. मला वाटलीच होती.

संध्याकाळी रुग्णालयात अक्काच्या उशाशी बसून मी औषधांची यादी लिहून देत होतो. सकाळच्या गोळ्या घेतल्यास ना, असे सहज विचारले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ती लघवीची गोळी नाही घेतली. आदल्या दिवशीही नाही. घाटात गाडी कुठे कुठे थांबवायची? आणि होडीत बायकांची सोय असते का?”

रक्तदाबासाठी दिली जाणारी ही गोळी शरीरातले जादा पाणी आणि क्षार बाहेर टाकते. दोन दिवस ती चुकली, हेच त्या प्रसंगाचे कारण, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण भरलेल्या घड्यात आणखी भर पडली, हे मात्र खरे. भर म्हणजे पाण्यात उतरल्यावर रक्त छातीकडे सरकले की शरीर लघवीचे प्रमाण आपोआप वाढवते. म्हणजे जी अडचण टाळण्यासाठी तिने गोळी टाळली, ती पाण्यात तिला गाठणारच होती.

मी जिने चढवले, कान तपासले, कवळीचा विचार केला. प्रवासात लघवीचे काय करायचे, हे मात्र मी बहिणीला विचारले नाही. संकोच तिला होता, तसा मलाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी आज्या लग्नाला, देवदर्शनाला निघताना ही गोळी वगळतात आणि सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, हे मला ठाऊक होते. यावर उपाय असतो. कोणाची वेळ बदलता येते, कोणाची येत नाही, कोणाची मात्रा विभागता येते. पण ते ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना आधी विचारून. कोणत्या गावात, कोणत्या हॉटेलात स्वच्छ सोय आहे, याची चौकशी प्रवास ठरवतानाच सुनेने, मुलाने करावी. आईने विचारण्याची वाट पाहू नये. ती विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट, कारण ती धडधाकट माणसालाही लागू आहे. पाण्यातून बाहेर येताच तो बाहेरचा दाब नाहीसा होतो, रक्त पुन्हा पायांकडे उतरते आणि रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्याला अशा वेळी शिडीवरच अंधारी येऊ शकते. वर आल्यावर पाच मिनिटे बसावे, मग उभे राहावे. ज्यांना छातीत दुखते, ज्यांचे हृदय दुबळे आहे, चालताना दम लागतो, अपस्मार आहे किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पाण्यात उतरूच नये. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला पुष्कळदा गोव्यात बांबोळीपर्यंत न्यावे लागते, आणि तो रस्ता धाप लागलेल्या माणसासाठी फार लांबचा आहे.

कोल्हापूरला परतल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी अक्काची सोनोग्राफी केली. हृदयाच्या भिंती जाड झाल्या आहेत. एकदा असे झालेल्याला ते पुन्हा होऊ शकते, म्हणून नळी लावून पाण्यात उतरायचे नाही, असे त्यांनी सांगितले. मुलगा काही बोलला नाही; बोलला असता तर मला ऐकून घ्यावे लागले असते. अक्काने डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. ती गोळी प्रवासात केव्हा घ्यायची, हा पहिला. त्याचे उत्तर त्यांनी कागदावर लिहून दिले. होडीत नुसते बसलेले चालेल का, हा दुसरा. शांत समुद्रात, मध्यावर बसून, चालेल म्हणाले.

सध्या अक्का एका सुताराकडून लाकडी खोके करून घेत आहे. त्याच्या तळाला काच बसवायची आणि होडीच्या कडेने ते पाण्यावर टेकवून आत पाहायचे, अशी तिची योजना आहे. काच किती जाडीची हवी, हे विचारायला तिने परवा मला फोन केला. मला काय कळणार त्यातले? मागून मुलाचा आवाज आला : “आई, मी उद्या काचवाल्याकडे विचारतो, मामाला कशाला त्रास?”