बोटांना कळणारी किमया

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव होतो. घेणारा मासा नुसता पाहत नाही, बोटाने दाबूनही बघतो. घट्ट लागला तर ताजा, बोट रुतले तर शिळा. डोळ्यांना न कळणारे बोटाला कळते, हे आपल्या गावातील लहान मुलालाही माहीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र आपण ते विसरतो.

अंध मुलाने रसायनशास्त्र शिकावे का, असा प्रश्न निघाला की लोक म्हणतात, "बिचाऱ्याला कशाला त्रास? त्याला दुसरा विषय द्या." तशी सवलत दिलीही जाते. हेतू चांगला, पण परिणाम वाईट! शाळेत विज्ञान सुटले की पुढे त्या शाखेचे दार बंद होते. लुई ब्रेलने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. मुंबईत ताडदेवची अंधांची शाळा १९०२ साली निघाली. वाचनाची अडचण केव्हाच दूर झाली आहे. आडवी येते ती आपली समजूत.

मित्रांनो, जे दिसत नाही ते शिकणार कसे, असे तुम्हीही विचाराल. पण अणू नुसत्या डोळ्यांनी कोणाला दिसतो? फळ्यावर मिथेनचा रेणू काढताना आपण मध्ये कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन मांडतो, अगदी अधिकाच्या चिन्हासारखे. ते चित्र सपाट आहे, रेणू सपाट नाही. मातीचा गोळा घ्या. त्यात चार काड्या एकमेकींपासून सारख्या दूर खोचा आणि टोकांना मणी लावा. आता डोळे मिटून बोटे फिरवा. खाली तिवईसारख्या तीन काड्या, वर एक. हा मिथेनचा खरा आकार! फळ्याकडे पाहणाऱ्याला जे कळले नाही, ते चाचपणाऱ्याला कळले. उर्दूत रसायनशास्त्राला 'कीमिया' म्हणतात, मराठीत 'किमया' म्हणजे जादू. येथे दोन्ही अर्थ जुळतात.

प्रयोगही असेच करता येतात. पाण्यात नवसागर विरघळला की पेला हाताला गार लागतो. बाटलीत सिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र करून तोंडाला फुगा लावला, तर तो हातातच फुगत जातो; वायू तयार झाल्याची ती खूण. लिटमसचा रंग मात्र बोटांना कळत नाही. तेथे नाक कामाला येते. चिरलेल्या कांद्यात ठेवलेल्या कापडाला कांद्याचा वास लागतो. त्यावर आम्लारी टाकली की वास जातो, आम्ल टाकले तर राहतो. अंध विद्यार्थ्यांसाठी वासाच्या दर्शकाची पद्धत अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झाली होती. तीव्र आम्लाला मात्र कोणीच हात लावू नये, डोळस मुलानेही नाही.

म्हणून माझे मत असे की, सवलत द्यायची तर विषय सोडण्याची देऊ नये. परीक्षेत आकृती काढण्याऐवजी मातीची प्रतिकृती करू द्यावी आणि तिलाच पूर्ण गुण द्यावेत.