शांतता रात्री, शाळा दिवसा

स्मार्ट सिटीच्या नावाने पणजी खणून काढली, तेव्हा धुळीचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः रस्त्यांची अवस्था पाहून आले. धूळ निदान डोळ्यांना दिसते हो. आवाजाचे काय?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. शाळेभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. वाचायला झकास! पण २०१० मध्ये बांधकामाच्या यंत्रांसाठी जो खास नियम घातला, तो त्यांना बंदी करतो फक्त रात्री, दहा ते सहा. त्या वेळी शाळेत असते कोण? भिंतीवरची पाल आणि फार तर राखणदार. त्यात २०१७ पासून, सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय शांतता क्षेत्रच होत नाही.

बाई पाढे सांगतात, ब्रेकर खडखडतो, मागच्या बाकावरच्या पोराला फक्त बाईंचे ओठ हलताना दिसतात. खिडक्या लावा म्हणे! ऑक्टोबरच्या उकाड्यात?

मी विकासविरोधी नाही. (हल्ली हे आधीच सांगून टाकावे लागते.) आपल्या बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. फोडाफोडी त्यानंतर करा, मोठे काम मे महिन्याच्या सुट्टीत उरका. खर्च वाढतो म्हणून कंत्राटदार रडेल. रडू दे, निविदेतच अट घाला. खाजगी इमारतीला परवाना देतानाही तीच अट का नको, हे पालकांनी मुख्याध्यापकांना नव्हे, महापालिकेला विचारावे. तेही लेखी.