कातकरी मूल, प्रमाण मराठी आणि जतनाचा देखावा

आदिवासी संस्कृतीचे जतन हा मराठी अभ्यासविश्वात आता सर्वमान्य विषय झाला आहे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७), भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) या संग्रहांनी आदिवासी जाणिवेला मराठी कवितेत स्थान मिळवून दिले, हे खरेच. परंतु ज्या समूहापाशी छापील संहिता नाही, त्याच्या वाट्याला समीक्षेतील ‘लोकसाहित्य’ हा कप्पा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाच, एवढेच येते. रत्नागिरी जिल्ह्यातील कातकरी समाज हे याचे ठळक उदाहरण होय.

खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून या जमातीस नाव मिळाले. वसाहतकालीन वनकायद्यांनी जंगलावरील हक्क आकसत गेले. व्यवसाय गेला, नाव उरले. मंडणगड, दापोली, खेड या भागांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की कोळसाभट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर जातात. नेमके तेव्हाच शालेय वर्ष ऐन भरात असते. मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत ‘श्रमप्रतिष्ठा’ आहे; हजेरीपटावर मात्र श्रमासाठी गेलेल्या कुटुंबाचे मूल केवळ ‘गैरहजर’ असते. मासे, खेकडे, रानभाज्या, कंद यांविषयीचे ज्ञान ज्या शब्दांत साठले आहे, ते शब्द वर्गात ‘अशुद्ध’ ठरतात.

मातृभाषेचा आग्रह या मुलांना मागेच ठेवील, प्रमाण मराठी हाच उन्नतीचा मार्ग, असा प्रतिवाद केला जातो. तो फसवा आहे. वाद प्रमाण मराठी नाकारण्याचा नसून तिच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेचा आहे. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) मातृभाषेतील अध्यापनाचे तत्त्व स्वीकारले, पण ‘व्यवहार्य असेल तेथवर’ या मर्यादेसह. जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने ‘पेसा’ कायद्याचे (१९९६) कवचही येथे लाभत नाही. मग व्यवहार्यता ठरवणार कोण? ज्यांची भाषा आधीच ग्रांथिक झाली आहे, तेच.

इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध देशीवादी समीक्षेने केलेले युक्तिवाद कातकरी भाषेच्या बाजूने प्रमाण मराठीलाही लागू पडतात. ते स्वतःस लावून घेण्याची तयारी नसेल, तर तो देशीवाद अभिजनांची सोय ठरतो. कातकरी कथा विद्यापीठाच्या ध्वनिफितीत सुरक्षित आणि पहिलीच्या वर्गात मुकी, या स्थितीस जतन म्हणता येणार नाही. मराठी विभागांनी कातकरी कथनकारांसह पहिलीची वाचनपुस्तके सिद्ध करावीत आणि मुखपृष्ठावर त्या कथनकारांची नावे ‘माहितीदाते’ म्हणून नव्हे, तर लेखक म्हणून छापावीत. आदिवासी साहित्यावरील पुढील चर्चासत्र त्यानंतर भरवले तरी चालेल.