बचत गट झाले, धंदा कोणाचा झाला?

हळद हे आज हिंगोली जिल्ह्याचे महत्त्वाचे नगदी पीक आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीची मोठी उलाढाल होते. पण या उलाढालीत भूमिहीन बौद्ध, मातंग कुटुंबांची जागा कुठे आहे? हळद काढणे, शिजवणे, वाळवणे ही मजुरीची कामे त्यांच्या वाट्याला येतात. हळकुंड दळून, पाकिटात भरून विकले की नफा वाढतो. तो टप्पा मात्र मजुराच्या हातात नसतो. ग्रामीण गरिबांना उद्योजक बनवू म्हणणाऱ्या संस्थांचे काम इथूनच तपासले पाहिजे.

नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियान २०११ मध्ये आले. गावोगावी गट बांधण्यात स्वयंसेवी संस्थांचा मोठा वाटा आहे. बायका बँकेची पायरी चढल्या, सही करू लागल्या, सावकाराला पर्याय मिळाला. हे यश नाकारता येणार नाही.

पण कर्ज म्हणजे धंदा नव्हे. गटाचे कर्ज बऱ्याचदा दवाखाना, लग्न, मुलांची फी किंवा पेरणीवर खर्च होते. गरज खरी असते, पण त्यातून उत्पन्न निघत नाही आणि हप्ता मजुरीतूनच जातो. पुढे खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या दारात येतात आणि एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेतले जाते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये याच साखळीतून मोठे संकट उभे राहिले. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आपल्या वस्तीतील किती महिलांना तो माहीत आहे?

दुसरा प्रश्न जातीचा. प्रशिक्षण म्हटले की पापड, लोणचे, मसाला ठरलेला. बौद्ध वस्तीत बनलेला पापड गावात कोण विकत घेणार, याचा विचार प्रकल्प अहवालात नसतो. माल चांगला असूनही गिऱ्हाईक मिळत नाही आणि अपयशाचे खापर बाईच्या माथी फुटते. अशा ठिकाणी शहरातली बाजारपेठ, सामायिक नाव आणि गटांचा संघ आधी उभा करावा लागतो.

तिसरा प्रश्न जमिनीचा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात काम करणाऱ्या स्वयम् शिक्षण प्रयोगने महिलांसाठी एक एकर शेतीचे प्रारूप रुजवले. ते उपयुक्त आहे, पण घरात एकरभर जमीनच नसेल तर? दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमिनीची तरतूद आहे, मात्र शासकीय दरात जमीन विकायला कोणी सहज तयार होत नाही. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगाकडे वळवल्याशिवाय लहान तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही, हे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच मांडले होते. त्यामुळे उद्योगाचा मुद्दा आपल्यासाठी नवा नाही. तो कोणाच्या मालकीचा, हा मुद्दा आहे.

मालकीचे उदाहरण साताऱ्यातील म्हसवडला आहे. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. महिला निरक्षर म्हणून आधी परवाना नाकारला गेला. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि परवाना मिळवला. पुढे त्याच कामातून ग्रामीण महिलांसाठी उद्योगाचे शिक्षण सुरू झाले. पैसा, हिशेब आणि बाजार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून काम टिकले.

आपल्या गावात संस्था येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. माल कोण घेणार? हिशेबाची वही कोणाकडे राहणार? प्रकल्प संपल्यावर गिरणी आणि यंत्रे कोणाच्या नावावर असतील? शिकलेल्या तरुणांनी जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो तितक्याच काटेकोरपणे एका तरी गटाचा हिशेब, उद्यम नोंदणी आणि अन्नसुरक्षा नोंदणी करून द्यावी. हळद आपल्या माणसांच्या हातांनी शिजते. पाकिटावर त्यांचे नाव यायला हवे.