बेट राखून तोड

उद्योगातील मूल्ये त्याच्या रोजच्या नियमांत सापडतात. किती माल काढायचा, ते कोणी ठरवायचे, पैसा कोणाच्या खात्यात जायचा आणि कोणता नफा सोडून द्यायचा, हे पाहिल्याशिवाय नैतिक किंवा शाश्वत उद्योजकतेचा अभ्यास पोकळ राहतो. उद्योजकतेच्या वर्गात उदाहरणे बहुधा कंपन्यांची घेतली जातात. गडचिरोली-चंद्रपुरातील ग्रामसभांचा बांबू व्यवसाय तितक्याच गांभीर्याने शिकवला गेला पाहिजे.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात धरले आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. परवान्याशिवाय माल बाहेर नेणारा चोर ठरतो. मग खरेदीदार येणार कुठून? २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. उद्योजकतेचे धडे भांडवलापासून सुरू होतात; इथे त्याआधीची पायरी हक्काची होती.

ती पायरी चढण्याची तयारी मात्र फार जुनी. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालते. सोबतीला अभ्यासगट असतो: गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल, हिशेब समजून घेतात, निर्णय घेण्याचे काम मात्र ग्रामसभेचे. बाहेरच्या जाणकारांपैकी मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांपैकी देवाजी तोफा यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. व्यवस्थापनशास्त्राला ही पद्धत संथ वाटेल. पण ज्याने नियम ठरवला त्यालाच तो जंगलात पाळायचा असतो, म्हणून राखणीचा खर्च वाचतो. हा संथपणाचा परतावा ताळेबंदात दिसत नाही.

तोडीचे नियमही मूल्यांचेच आहेत. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून नवे कोंब निघतात. कोवळे बांबू तोडायचे नाहीत, त्यांना आधार म्हणून काही जुने ठेवायचे आणि मुळाचा गड्डा दुखवायचा नाही. मजुरी नगावर मिळू लागली, की घाईत सर्वात आधी हाच नियम मोडतो. म्हणून मजुरीचा दर आणि तोडीची शिस्त एकत्र अभ्यासावी लागते.

नफा सोडण्याचे उदाहरण गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातील रोख पैसा. चांगले पान यावे म्हणून झुडपे छाटतात, आगीही लावतात; फळ धरत नाही आणि ते खाणारे पशुपक्षी उपाशी राहतात. पाचगावच्या ग्रामसभेने हा व्यवसाय बंद करून बांबूवर भर दिला. अर्थात हातात बांबू होता म्हणून हे परवडले, ही नोंदही अभ्यासात हवी. पर्याय नसलेल्या गावाकडून तीच अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

अशा अभ्यासाला एका आर्थिक वर्षाचा हिशेब पुरत नाही. या जंगलातील बांबू काही दशकांनी एकदाच फुलतो, बी धरतो आणि मरतो. मोठ्या पट्ट्यात फुलोरा एकदम आला, तर नवी रोपे तोडण्याजोगी होईपर्यंत वर्षानुवर्षे विक्री थांबते. त्या काळासाठी ग्रामसभेकडे किती निधी आहे, मोहफुले, चारोळी, हिरडा यांच्या विक्रीची घडी किती बसली आहे आणि वाळलेल्या बांबूला आगीपासून कोण राखणार, हे प्रश्न फुलोऱ्याच्या कितीतरी आधी विचारावे लागतात.