पूररेषा डोंगरावरही आखा



पावसाळा तोंडावर आला की चिपळूणच्या पुराची चर्चा दोनच मुद्द्यांभोवती फिरते : वाशिष्ठी-शिवनदीतला गाळ आणि कोळकेवाडी धरणातून सुटणारे पाणी. दोन्ही मुद्दे खरेच आहेत. वीजनिर्मितीनंतर कोयना धरणाचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येते. त्यात अतिवृष्टी आणि दाभोळ खाडीची भरती यांची एका वेळी गाठ पडली, तर पाण्याने जायचे कुठे? २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांत १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले, ग्रंथांचा लगदा झाला. २०२१ मध्ये बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा पूल खचला आणि आम्हा सावर्डेकरांची मुंबईची वाटही बंद झाली.

त्यानंतर गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले, शासन हलले, नाम फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था मदतीला आली आणि गाळ निघाला. उत्तम झाले. पण हा गाळ येतो कुठून, हे कोणी विचारायचे?

शहरात घर बांधायचे तर २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आडवी येते. डोंगरउतारावरचे रान सरसकट तोडणाऱ्याला मात्र अशी पूररेषा आडवी येत नाही. सावर्डे परिसरात मुंबई-गोवा महामार्गावर थोडा वेळ उभे राहा, लाकडांनी भरलेले ट्रक दिसतील. ट्रक रानात नेण्यासाठी जेसीबीने उतार खणून वाट काढतात. तोड संपते, वाट तशीच राहते. पहिल्या मोठ्या पावसात तिचाच ओहोळ होतो आणि तांबडी माती पऱ्यात (ओढ्यात), पऱ्यातून नदीत जाते. तोच गाळ आपण पुढे सरकारी खर्चाने उपसतो.

‘मालकीचे रान आहे, शेतकऱ्याने पैसे मिळवू नयेत का?’ हा सवाल रास्त आहे. म्हणून सरसकट बंदी नको. पण तीव्र उतार आणि पऱ्यांचे काठ तोडीतून वगळा, इतरत्र निवडून तोडू द्या, तोडीनंतर वाट बुजवल्याची पाहणी करा. जो रान राखील त्याला गाळ उपशाच्या निधीतून दरवर्षी मोबदला द्या. बाजारपेठेतल्या दुकानदारावर बंधने घालणाऱ्या शासनाने वरच्या डोंगरालाही तोच न्याय लावावा. नाहीतर दर उन्हाळ्यात गाळ उपसण्याचे ठेके निघतील आणि पूर यायचा तो येईलच.

— एक वाचक, सावर्डे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी)